वायरमनचा स्कॅन

वामनराव लोणारला बत्तीस वर्षं वायरमन होते. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला आणि त्यांना खाटेवरून उठवायला दोन माणसं लागू लागली. स्कॅनमध्ये त्यांचा सांगाडा यात्रेच्या रोषणाईसारखा पेटला होता, मणक्यापासून मांडीपर्यंत. प्रत्येक दिवा म्हणजे एक गाठ.

"दंडातून किरणांचं औषध सोडू," डॉक्टर म्हणाले. "ते गाठ हुडकून तिला तिथंच जाळेल."

"फॉल्ट हुडकाले मी जन्मभर खांबोखांब चढलो," वामनराव म्हणाले. "याले पत्ता सांगते कोण?"

"गाठच सांगते. तिच्या अंगावर खूण असते."

वामनरावांनी बाही वर सारून दंड पुढे केला.

चार इंजेक्शनं झाली. आज ते दवाखान्याच्या बाकावरून एकटे उठले, आणि उठून उभं राहिल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. आत डॉक्टरांनी नवा स्कॅन लावला. पडद्यावर सगळा काळोख.

"लाईन गेली काय हो?" त्यांच्या बायकोनं, गीताबाईंनी विचारलं.

"मशीन चालू आहे, आजी. गेलेत ते गाठींचे दिवे." डॉक्टरांनी कमरेजवळच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "एवढा एक राहिलाय. तो जाईलच असं मी म्हणत नाही."

"राहू द्या," वामनराव म्हणाले. "गावात एक रोडलाईट भरदुपारीही चालूच राह्यते. ते मले बी कधी बंद करता आली नाही."

मग, लाईन गेली की अख्ख्या गावाच्या शिव्या खात आलेल्या त्या माणसानं समोरच्या अंधाराला हात जोडले.