डाव्या हाताची बोटं

हजेरीच्या मशीनवर पुन्हा लाल दिवा लागला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," आतला बायकी आवाज गोडपणे म्हणाला. तिने बोट बाहीला पुसलं, त्यावर फुंकर मारली आणि काचेवर दाबून धरलं. लाल. मग शेजारचं बोट लावून पाहिलं. तेही लाल.

मागे रांग खोळंबली होती. भोंगा व्हायच्या आत बोट उमटलं नाही तर अर्धा दिवस गेलाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेत दोन माणसं सोडून तिची थोरली नणंद उभी होती, डबा छातीशी धरून. स्विच जोडायच्या या कारखान्यात दोघीही कामाला. एकाच घरातून निघायच्या, एकाच बसने यायच्या.

वॉचमनने तिला रांगेतून बाहेर काढलं आणि टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी उभं केलं. गेल्याच महिन्यात एकाने दुसऱ्याची हजेरी लावल्याचं उघडकीला आलं होतं आणि दोघांनाही घरी बसवलं होतं. तेव्हापासून बोट जुळलं नाही की आधी संशय, मग चौकशी.

कारकुनाने बोटं बघायला मागितली. ती नोकरीला लागली तेव्हा उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताची बोटं नोंदवलेली. तिने हात खिडकीतून आत दिला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांची टोकं निरखली. पिवळट, टणक, मधोमध खाच पडल्यासारखी. रेघा म्हणून दिसत नव्हत्या.

हे कशाने झालं, असं त्याने विचारलं. भांडी घासून, असं ती म्हणाली. मग उजवा हात दाखवा, तो म्हणाला. उजव्या हाताची बोटं चांगली मऊ होती.

"भांडी एकाच हाताने घासता का?"

मागे कुणीतरी हसलं. हजेरी लावून झालेली नणंद आत गेली नव्हती. खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून ऐकत होती.

कारकुनाने जुनं ओळखपत्र मागितलं. नव्या कार्डावर जुना नंबर नव्हता, म्हणून जो तो दोन्ही कार्डं एकाच पाकिटात बाळगायचा. तिने पाकीट उघडून ते काढून दिलं. जुन्या कार्डाचा एक कोपराच नव्हता. तिथला त्रिकोणी तुकडा कापून घेतलेला, फोटोतल्या तिच्या खांद्यासकट. गिटारच्या तारा छेडायला त्याचीच पट्टी केली होती. तशी पट्टी दुकानात स्वस्तात मिळाली असती, पण काचेच्या दारातून आत शिरून ती मागायची कशी? आणि सासूच्या औषधांमधून जे उरायचं त्यात भंगारवाल्याकरवी तारा आल्या, हेच खूप झालं होतं. गिटारही त्याच्याकडचीच. तिची एक खुंटी तुटलेली, ती पकडीने पिळावी लागे. कॅन्टीनमधल्या फुकट वायफायवर धडे फोनमध्ये उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी टाकी भरायच्या निमित्ताने गच्चीवर जायचं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. घरात पैशांअभावी एकेक गोष्ट बंद होत चाललेली असताना हिला हे सुचलं, असं कुणीही म्हणालं असतं.

"कंपनीचं कार्ड कापलंत?" कारकुनाचा सूर बदलला. "बाई, खरं काय ते सांगा. मला वर कळवावं लागेल."

तिने नणंदेकडे पाहायचं टाळलं.

"गिटार शिकतेय, साहेब. तारा दाबून दाबून झालं ते."

कारकुनाने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा बोटांकडे. शिकवतं कोण, असं त्याने विचारलं. कुणी नाही, फोनवर बघून बघून, ती म्हणाली. मग चांगलं वाजवता येत असेल, तो म्हणाला. तिने मान हलवली. अजून नाही येत, तिने सांगितलं. बहुधा याच उत्तरावर त्याचा विश्वास बसला.

त्याने तिच्या उजव्या हाताचा अंगठा नव्याने नोंदवून घेतला. हिरवा दिवा लागला. कारणापुढे काय लिहावं यावर तो जरा अडला, आणि शेवटी त्याने 'कामामुळे' असं लिहून टाकलं. पुन्हा असं झालं तर मात्र आपल्या हातात काही राहणार नाही, एवढं बजावून त्याने कार्ड परत दिलं.

भोंगा झाला. आवारातून आत जाताना नणंद पुढे होती, ती मागोमाग. ही मनातल्या मनात जुळवाजुळव करत होती. तारा कुठल्या पैशांतून आणल्या ते सांगायचं. गिटार परत भंगारात देते म्हणायचं. रात्री नवऱ्यापुढे विषय निघायच्या आधी आपणच काढायचा. एकही वाक्य धड जुळेना.

"ताई, घरी एवढ्यात काही बोलू नका," शेवटी ती म्हणाली. "हवं तर मी बंद करते."

नणंद चालायची थांबली नाही.

"बोलायचंय काय त्यात? टाकी भरली की तू मोटर बंद करतेस. त्यानंतरचं सगळं खाली ऐकू येतं."

"आईंनाही?"

"आई त्या वेळेला टीव्हीचा आवाज बारीक करते," नणंद म्हणाली, आणि हातमोजे चढवत आपल्या टेबलाकडे निघून गेली.