न धुतलेली कूडा

वेंडेलने गाडीचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. आत उंदरांच्या मुताचा भपकारा होता. सीट फाटून तिचं भुसकट बाहेर लोंबत होतं, आणि या घाणीसमोर सकाळपासून माणसं टोप्या काढून उभी राहत होती.

सत्तर सालची प्लिमथ कूडा, हेमी नावाच्या दांडग्या इंजिनाची. अशा मोजक्याच उरल्यात. ओहायोतल्या या मैदानावर जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला चारशे चकचकीत गाड्या आल्या होत्या, पण गर्दी हिच्याभोवती. 'जशीच्या तशी' गटात गाडी धुतली की गुण जातात. गंज जपायचा, धूळ जपायची, मेलेला उंदीर सापडला तर तोही जपायचा. वेंडेल या गटाचा परीक्षक होता आणि त्याला या गटाची शिसारी होती.

माणसांची त्याहून जास्त.

"एकाहत्तर साली हिला मी शर्यतीत धूळ चारलीय," ग्रोव्हर नावाचा एक ढेरपोट्या सॉसेज चावत सांगत होता. हनुवटीवर मोहरीची चटणी. सकाळपासूनचा हा सहावा थापाड्या.

मालकीण नेड्रा घडीच्या खुर्चीत बसून प्रत्येकाचं निमूट ऐकत होती. साठी उलटलेली बाई, मांडीवर वही.

"बाई, डावा दिवा फुटलाय, पत्रा चेपलाय," वेंडेल म्हणाला. "हे जुनंच कशावरून? काल हातोडा मारला नसेल कशावरून? साक्षीदार लागतो."

"तोच शोधतेय. अकरा उन्हाळे झाले, चार राज्यं पालथी घातली. ऑक्टोबर एकाहत्तरमधल्या एका पहाटे हे झालं. तसं लिहून सही देणारा एक माणूस हवाय मला. बाकी काही नको."

"मी देतो की!" ग्रोव्हर म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत खांबावर आदळली!"

वेंडेलचं डोकंच फिरलं. "आधी तोंड पुसा, मग फेका! कसला खांब? हरीण होतं ते."

नेड्राने मान वर केली. "तुम्हाला काय ठाऊक?"

गाडी ओळखीची आहे असं परीक्षकाने बोलू नये, म्हणून तो सकाळपासून गप्प होता. पण आता त्याला ते सगळं असह्य झालं.

"कारण मीच चालवत होतो. पार्टीत भेटलेला पोरगा, ढोसून मागच्या सीटवर आडवा. म्हटलं, मी सोडतो घरी. त्याच दिवशी मला लष्करात हजर व्हायचं होतं. अशी गाडी पुन्हा कुठली हातात यायला? पुलापाशी ताशी शंभर मैलांवर नेली, आणि काहीतरी आडवं आलं. हरीणच, दुसरं काय? थांबलो नाही. गाडी त्याच्या अंगणात लावली, किल्ली त्याच्या खिशात घातली आणि बस गाठली. पुन्हा त्या गावी गेलो नाही."

"हे लिहून द्याल?"

"देतो. या फेकूंची तोंडं तरी बंद होतील."

त्याने सगळं लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि तारीख घातली. ग्रोव्हर मुकाट्याने सटकला. दिवसभरात पहिल्यांदाच वेंडेलला जरा स्वच्छ वाटलं.

नेड्राने वही पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"तो पोरगा तुमचा भाऊ का?" वेंडेलने विचारलं. "बरा आहे ना?"

"तुरुंगातच वारला. नऊ वर्षं एकच सांगत होता, गाडी मी चालवत नव्हतो," ती म्हणाली. "आणि तुमचं ते हरीण सायकलवरून पेपर टाकत होतं."