उपडं पातेलं

दुपारच्या सामसुमीत पातेल्यात पुन्हा काटा खडखडला. नणंदेच्या लग्नाच्या केकवर चढवायचा अंड्याच्या पांढऱ्याचा फेस हिल्डाच्या हातून दोनदा खाली बसला होता.

"सोड गो, तुझ्या हाताला गुणच नाय," सासू म्हणाली. "केक माणिकपूरच्या बेकरीतून आणू."

हिल्डाने बसलेला फेस ओतून टाकला आणि रिकाम्या पातेल्यातून बोट फिरवलं. ओशट! सासू यातच डोक्याचं खोबरेल कोमट करायची; तेलाचा अंश राहिला तर फेस धरणार कसा? तिने पातेलं लिंबाने घासून कोरडं पुसलं, नवी अंडी फोडली आणि हात चालवला. फेस कसा ताठ उभा राहिला! तिने पातेलं सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडं धरलं.

"अगो, केस भरतील!" सासू ओरडली.

थेंबही पडला नाही. छोट्या कार्मिनने टाळ्या पिटल्या.

"आई, एवढं सगळं त्या अंड्यात होतं, तर आजीला आधी कसं दिसलं नाय?"