बुडाची टकटक

"मी वाजवून बघितलाय, आई. बुडाशी पोकळ वाजतोय. भाजलाय तो."

"तुझं वाजवणं माहितीय मला. गेल्या वर्षी मधे नुसता चिखल होता."

नोरीनने गरम ब्रॅक फडक्यात धरून उलटा केला. तिच्या मुलीची, डर्व्हलाची, नजर त्याच्या बुडावर खिळली.

मनुका-बेदाणे रात्रभर चहात भिजवून केलेला हा आयरिश गोड पाव. हॅलोविनच्या संध्याकाळी तो कापायचा, आणि पिठात घालून भाजलेली अंगठी जिला मिळेल तिचं वर्षाच्या आत लग्न. नोरीनच्या घरी अंगठीचा शब्द शेवटचा. "अंगठी आली नाही ना तुला," एवढंच म्हणून तिने डर्व्हलाचं पहिलं स्थळ परत पाठवलं होतं. आता कॉर्मॅक लग्नाचं विचारत होता. तो कॅनडाला निघाला होता. एकटा जाणार की दोघं, याचं उत्तर त्याला उद्या हवं होतं.

आणि आज, ब्रॅक भट्टीत असताना, डर्व्हलाला चमच्यांच्या खणात ती पितळी अंगठी सापडली होती. म्हणजे इतकी वर्षं आई ती पिठात घालतच नव्हती! आई कोंबड्या कोंडायला गेली तेवढ्यात डर्व्हलाने ब्रॅक बाहेर काढला, एका टोकाला बुडाशी सुरीने चीर दिली आणि कागदात गुंडाळलेली अंगठी आत खुपसली.

टक. टक. नोरीनचं बोट बुडावरून सरकत गेलं. टोकाशी आलं. थांबलं.

चुलीत एक लाकूड तडकलं.

"झालाय," नोरीन म्हणाली.

तिने ब्रॅक सरळ केला, सुरी घेतली. टोकाचा तुकडा कापून स्वतःच्या बशीत ठेवला. सगळं संपलं, डर्व्हलाला वाटलं. वर मधोमध एकुलता एक बदाम खोचलेला होता. त्याखालचा जाड तुकडा आईने तिच्यापुढे सरकवला.

"खा."

नोरीनने आपल्या तुकड्यातून कागद ओढून काढला आणि पितळी अंगठी दिव्यापुढे धरली. "अगं बाई! या वयात मला नवरा! शेजारच्या म्हाताऱ्याला निरोप धाड."

डर्व्हला हसली नाही. "तुला सगळं ठाऊक होतं, आई. ती आत कधीच नसायची. मला इथंच ठेवायचं होतं ना तुला?"

"हो," नोरीन म्हणाली. "खा आधी."

डर्व्हलाने रागाने घास तोडला. दाताखाली काहीतरी कडक लागलं. तिने कागद उलगडला. आत जुन्या सोन्याची, झिजून पातळ झालेली अंगठी होती.

नोरीनने डावा हात फडक्याखालून बाहेर काढला. लग्नाच्या अंगठीच्या जागी बोटावर नुसता पांढरा वळ होता.

"मागाहून खुपसलेली लागू पडत नाही, पोरी. ही मी सकाळीच पिठात घातली होती."