मानाची ओवाळणी

इंदुमतीनं ओवाळणीचं ताट उचललं, तशा सरपंचीणबाई पुढं आल्या. "इंदे, मागं हो बघू. हे सवाष्णींचं काम."

ती ताट सोडेना. दरोडेखोर सर्जेराव शिक्षा संपवून गावी आला होता आणि वेशीवर हलगी कडाडत होती. बँक लुटताना तो आधी रांगेतल्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायचा, बायकांच्या मंगळसूत्राला हात लावायचा नाही. हे सगळं जिल्हाभर चवीनं सांगितलं जाई. गोळ्या चालल्या तो भाग लोक घाईनं उरकत. अशाच एका गोळीनं इंदुमतीचा नवरा गेला होता, बँकेचा रखवालदार. एकदा आपल्याला बघून या माणसाचा चेहरा पडावा, एवढ्यासाठीच ती आली होती.

"थांबा!" सर्जेराव हसत पुढं झाला. "विधवा म्हणून बाईमाणसाला मागं सारता? मी ओवाळून घेईन तर यांच्याच हातून!"

(टाळ्या. शिट्ट्या. "राजा माणूस!" "अरं, काळीज बघा त्याचं!" सरपंचीणबाईसुद्धा डोळे पुसतात.)

त्यानं फेटा सावरून कपाळ पुढं केलं. कुंकवाचं बोट इंदुमतीनं मध्येच थांबवलं.

"माझा नवरा तुमच्या गोळीनं गेला."

हलगी थांबली. सर्जेराव मनापासून आठवत होता, कपाळाला आठी घालून. मग अगदी सख्ख्या भावाच्या मायेनं त्यानं विचारलं,

"कुठल्या बँकेतले, ताई?"