फटीतलं गवत

“आता काय भरायचं ते तुम्हीच ठरवा,” असं म्हणत अंगणाच्या कामाला आलेल्या क्रेगनं वाळूची दोन पोती ब्रेंडाच्या पुढ्यात आणून टेकवली.

गेटपासून गॅरेजपर्यंतचे सगळे पेव्हर ब्लॉक त्यानं परवा फवाऱ्यानं धुऊन काढले होते. फटींतली माती, शेवाळ, गवत, सगळं गेलं होतं. दोन दिवस ऊन मिळालं होतं आणि ब्लॉक खडखडीत वाळले होते.

“ही साधी कोरडी वाळू. झाडूनं फटींत लोटली की झालं. पण वर्षभरात गवत परत हजर. आणि ही दुसरी. हिच्यात गोंद असतो म्हणा ना. भरायची, वर झारीनं पाणी मारायचं. उद्यापर्यंत अशी धरेल की काडी उगवायची नाही.”

“म्हणजे पुन्हा कधी खरवडायला नको?”

“बरीच वर्षं तरी नको.”

“साधी भर रे,” पायरीवरून आवाज आला. ब्रेंडाचा नवरा नेव्हिल वाकड्या टोकाची, मिटवायची सुरी मांडीवर घेऊन बसला होता. “त्या दुसरीत सुरी शिरायची नाही.”

“शिरायला नकोच आहे,” ब्रेंडा म्हणाली. “अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रांगतोस. गुडघे बघ जरा स्वतःचे.”

“रांगतोय तोवर बरंय, ब्रेंडा. एकदा आडवा झालो की ओरडायला कुणाला शोधशील?”

क्रेगला हसू फुटलं. ब्रेंडाही हसली.

गेल्या दोन वर्षांत नेव्हिलचं बरंच काही हातातून निसटलं होतं. किटली कुठे ठेवतात ते गेलं, वार गेले, एकदा तर सख्ख्या मुलीचं नाव गेलं. फटी मात्र तो कधी विसरला नाही. टोस्ट खाऊन झाला की स्वारी बाहेर. गुडघ्यांखाली रबराची गादी, हातात सुरी. एकेक फट खरवडत तो गॅरेजपर्यंत जायचा, आणि तोवर गेटाजवळ पुन्हा काहीतरी डोकं वर काढायचंच. कुत्री फिरवणारे लोक थांबायचे. त्यांना तो मुळासकट उपटलेलं गवत दाखवायचा आणि चार टोमणेही मारायचा. तेवढा वेळ तो अगदी पहिल्यासारखा असायचा.

पण पाऊस असो, थंडी असो, त्याला फरक पडत नसे. फेब्रुवारीत दोनदा ती त्याला भिजून कुडकुडताना आत घेऊन आली होती. मागच्या महिन्यात उठताना तोल गेला आणि कपाळ फुटलं. शेजारच्या मिसेस पॉम्फ्रेटनी त्याला दंडाला धरून दारात आणून सोडलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “एवढ्याशा गवतासाठी?” ते ब्रेंडाला फार लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर ती थकली होती. चिखलाच्या पँटी धुऊन थकली होती, दिवसभर एक कान खिडकीकडे ठेवून थकली होती.

“गोंदाची भरा,” ती म्हणाली.

क्रेगनं एकदा पायरीकडे पाहिलं. “नक्की ना?”

“नक्की.”

नेव्हिल उठून आत गेला आणि टीव्ही लावून बसला. क्रेगनं वाळू भरली, ब्लॉकवरची धूळ उडवून साफ केली, पाणी मारलं. काम मोठं देखणं झालं. मिसेस पॉम्फ्रेटसुद्धा कुंपणापाशी येऊन छान म्हणून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रेंडानं कितीतरी महिन्यांनी आख्खा कप चहा गरम असतानाच संपवला. मग सवयीनं तिनं खिडकीतून पाहिलं.

नेव्हिल गेटाजवळ गुडघे टेकून बसला होता. त्यानं सुरीचं टोक एका फटीवर टेकवलं आणि ओढलं. ते घसरलं. त्यानं पुढची फट घेतली, मग त्याच्या पुढची. असं करत करत तो निम्म्या वाटेपर्यंत आला आणि थांबला. एक बाई कुत्र्याला घेऊन जाता जाता “गुड मॉर्निंग, नेव्हिल” म्हणाली. त्यानं वरही पाहिलं नाही. आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहत बसला.

चुकलं आपलं, ब्रेंडाला वाटलं. थंडीला कोट होता, उठताना धरायला आपला हात होता. त्याच्या गुडघ्यांचं नाव पुढे करून आपण आपली सुटका बघितली. सपाता घालूनच ती बाहेर धावली, त्याच्याशेजारी बसली आणि नखानं फट उकरू लागली. नख मोडलं. वाळूचा कणही निघाला नाही.

“अरे नेव्हिल, ऐक. मी क्रेगला फोन करते. सगळं फोडून काढायला लावू. साधी वाळू भरू, तू म्हणतोस तशी. ऐकतोयस ना?”

नेव्हिल हळूहळू उठून उभा राहिला. पँटचे गुडघे झटकले, सुरी मिटून खिशात टाकली आणि मोठ्या अदबीनं तिला हात देऊन उठवलं.

“काम झालं बघा, बाई. एक काडी शिल्लक नाही तुमच्या फटींत.” त्यानं गेटाकडे पाहिलं. “निघू का मग मी? उशीर झालाय. घरी बायको वाट बघत असेल.”

ब्रेंडानं त्याचा हात सोडला नाही.

“चहा तरी घेऊन जा,” ती म्हणाली. “तुम्ही साखर किती घेता?”