वाणाचा डबा

"हा फोटो बघा," सुनावणीला बसलेल्या साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "कंपनीने रहिवाशांशी रीतसर चर्चा केलेली आहे. पहिल्या रांगेत तुम्हीच ना?"

कुंदाताईच होत्या. कंपनीने कॉलनीत ठेवलेलं संक्रांतीचं हळदीकुंकू, हातात वाण म्हणून मिळालेला स्टीलचा डबा आणि तोंडभर हसू.

"अहो, ही कसली चर्चा?" कुंदाताईंचा आवाज चढला. "आमच्या भिंतीला खेटून डेटा सेंटर येतंय, याबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. तिळगूळ दिला, कुंकू लावलं. हळदीकुंकवाला गेल्यावर वाण नाकारतं का कुणी? रात्रंदिवस जनरेटर घरघरणार तो आमच्या उशाशी! म्हणून तर नियम आहे ना, वस्तीला विचारल्याशिवाय परवानगी द्यायची नाही असा?"

"विचारलंच की. विरोध होता, तर वाण कशाला घेतलंत?" म्हणत साहेब जेवायला उठलेसुद्धा.

कुंदाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सकाळपासून ताटकळून पोटात कावळे ओरडत होते. कॉलनीतल्या सगळ्याजणी बाहेर व्हरांड्यात बसल्या आणि पिशव्यांतून पोळीभाजी निघाली. रांगेने प्रत्येकीच्या मांडीवर तोच स्टीलचा डबा, झाकणावर कंपनीचं ठसठशीत नाव.

कुंदाताईंनी झटकन झाकणावर पदर ओढला. पण कंपनीचा माणूस समोर मोबाईल रोखून उभाच होता.

"ताई, जरा हसा ना!"